राखीव काका

प्रत्येक सर्व्हायव्हर पूलमध्ये एक असा माणूस असतोच, जो बाद होतो तेव्हा सगळ्यात चांगले संघ त्याच्याकडे शिल्लक असतात. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या मराठी पूलमध्ये हे पद काकांकडे आहे आणि ते त्यांच्याकडून कोणी काढून घेईल असं वाटत नाही. तरुण मंडळी त्यांना पाठीमागे ‘राखीव काका’ म्हणतात. काकांना हे माहीत आहे. त्यांना त्यात टोमणा दिसत नाही, पदवी दिसते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये 32 संघ. सप्टेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत साखळी सामने चालतात. पूर्वी 17 आठवडे, 2021पासून 18. पूलमधल्या प्रत्येकानं दर आठवड्याला एकच संघ निवडायचा. तो जिंकला की तुम्ही पुढच्या आठवड्यात, हरला की घरी. किती गुणांनी जिंकला याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. बरोबरी झाली तर बहुतेक पूलांत तीही हरल्यात जमा. मेख पुढे आहे. एकदा वापरलेला संघ पुन्हा वापरता येत नाही. पहिल्याच रविवारी कॅन्सस सिटी खर्च केली की वर्षभर तिचं नाव काढायचं नाही. शेवटी जो एकटा उरेल त्याला सगळ्यांची वर्गणी.

आमची वर्गणी माणशी वीस डॉलर. लास व्हेगासच्या सर्का कॅसिनोत हाच खेळ माणशी 1,000 डॉलर लावून खेळतात. 2024 साली तिथे 14,266 प्रवेशिका आल्या, म्हणजे बक्षीस 1 कोटी 42 लाख डॉलरांच्या वर गेलं. काका तिकडे फिरकत नाहीत. “तो जुगार,” ते म्हणतात. “आपला अभ्यास असतो.”

नियम ऐकून नवखा माणूस म्हणतो, ह्यात काय मोठंसं, दर आठवड्याला सगळ्यात भारी संघ घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. काकांना असा नवखा भेटला की त्यांचा दिवस सार्थकी लागतो. सट्टेबाजांनी दहा गुणांनी पुढे धरलेला संघसुद्धा साधारण पाचातला एक सामना हरतो. पाचात चार ह्या भावानं 18 आठवडे सलग तगायची शक्यता काढली तर ती दोन टक्क्यांच्याही आत येते. शंभर माणसं खेळायला बसली तर शेवटाला धड दोनही उरत नाहीत. हे गणित काका महाप्रसादाच्या रांगेत, एका हातात मसालेभाताची थाळी धरून, समोरच्याचा भात गार होईपर्यंत समजावतात. गणित बरोबर आहे. भात मात्र दर वर्षी कोणाचा तरी गार होतो.

त्यांचं धोरण समजून घ्यायचं तर त्यांना आंबे खाताना पाहावं. 2007 साली भारतातल्या आंब्याला अमेरिकेत यायची परवानगी मिळाली, तेव्हापासून काका मे महिन्यात हापूसची पेटी आणतात. पेटी उघडली की एकेक आंबा हातात घेऊन, देठाशी वास घेऊन, अंगठ्यानं हलकेच दाबून ज्याला डाग पडायला लागलाय तो आधी कापतात. बाकीचे परत गवतात. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांतल्या एकाला डाग पडलेला असतो. मग तो. अशा रीतीनं अख्खी पेटी काका पहिल्यापासून शेवटपर्यंत डागी आंबे खाऊन संपवतात. “अहो, एक तरी धड आंबा खा,” काकू म्हणतात. “धड आहे तो टिकेल गं,” काका म्हणतात, “ह्याचं काय करायचं?”

संघही ते असेच वापरतात. कॅन्सस सिटी, बाल्टिमोर, बफेलो हे डिसेंबरसाठी. सप्टेंबरमध्ये काका शोधत असतात असा संघ, ज्याचा एरवी काही भरवसा नाही, पण ह्या रविवारी घरच्या मैदानावर त्याच्याहून रद्दी पाहुणा आलाय. तत्त्व म्हणून ह्यात काही चूक नाही. ह्या खेळातले मुरलेले लोक हेच करतात. एक संघ जिंकायची शक्यता 82 टक्के आणि दुसऱ्याची 79 असेल, तर 79वाला घ्यावा आणि 82वाला पुढच्या अडीअडचणीला ठेवावा. काकांचा घोळ असा, की ते तीन टक्क्यांवर थांबत नाहीत. पाच सोडतात, आठ सोडतात, एखाद्या रविवारी तर वीसही सोडतात. आमचा पूल चालवणारी मुलगी इथेच जन्मलेली, आकडेमोडीतलीच नोकरी करणारी. तिला आम्ही कमिशनर म्हणतो. तिनं एकदा त्यांना सांगितलं, “काका, डिसेंबरसाठी टीम ठेवायची तर डिसेंबरला आपण पण असायला पाहिजे ना?” काकांनी हे वहीत लिहून घेतलं. पुढे काही झालं नाही.

वही म्हणजे भारतातून आणलेलं लाँगबुक. आडव्या 32 ओळी, उभे 18 रकाने, हिरवी-पिवळी-लाल पेन्सिल. ज्या आठवड्यात संघाला सुट्टी तिथे फुली. थँक्सगिव्हिंगचा गुरुवार वेगळ्या चौकटीत, कारण त्या दिवशी डेट्रॉईट आणि डॅलस दर वर्षी आपापल्या घरी खेळतात; डेट्रॉईटची सुरुवात 1934ची, डॅलसची 1966ची. एरवी गुरुवारचा संघ काका घेत नाहीत. रविवारी खेळून गुरुवारी पुन्हा उतरायचं म्हणजे मध्ये तीनच दिवस विश्रांती. भले भले संघ त्यात ढेपाळतात. गुरुवारी काकांचा उपासही असतो, पण त्याचं कारण वेगळं.

एकाच डिव्हिजनमधले संघ वर्षातून दोनदा एकमेकांशी भिडतात, एकमेकांची नस न् नस ओळखतात. काका त्या सामन्यांना ‘भाऊबंदकी’ म्हणतात आणि शक्यतो त्यात पडत नाहीत. मला वाटतं, एनएफएलवर इतक्या लोकांनी इतकं लिहून ठेवलंय, पण ह्याहून नेमकं कोणी बोललेलं नाही.

मग गर्दीचा सिद्धान्त. शंभर जणांच्या पूलमध्ये चाळीस जण एकाच संघावर बसले असतील, तर आपण दुसरा बरा संघ बघावा. तो चाळिसांचा संघ हरला तर एका दुपारी मैदान मोकळं होतं आणि आपण बाजूला उभे. मोठ्या पूलमध्ये हे सोळा आणे खरं. आमच्या पूलमध्ये तिसऱ्या आठवड्यानंतर जेमतेम डझनभर माणसं उरतात, त्यातली चार एकाच घरातली. तरी गर्दी कुठे जमतेय ते काकांना कळायलाच हवं असतं, आणि निवड तर रविवारी दुपारी एक वाजेपर्यंत गुप्त. म्हणून शनिवारी रात्री फोन येतो. “सहज केला रे. कसा आहेस? आईचा गुडघा काय म्हणतोय? बरं, ते पुण्याच्या फ्लॅटचं झालं का काही?” मध्ये थोडी शांतता. “मग… कोणाला घेतलंस?” आईच्या गुडघ्याची इतकी नियमित चौकशी सख्खे नातेवाईकही करत नाहीत. फेब्रुवारी ते ऑगस्ट मात्र गुडघा वाऱ्यावर असतो.

2017 हे वर्ष ह्या खेळात फुकटचं वर्ष होतं असं लोक अजून म्हणतात. क्लीव्हलंड ब्राउन्स त्या मोसमात 16च्या 16 सामने हरले. त्यांच्या समोर जो येईल त्याला डोळे मिटून घ्यायचं, बस. भाऊबंदकीतले तीन प्रतिस्पर्धी दोन-दोनदा आले तरी 13 वेगवेगळे संघ, म्हणजे 13 आठवड्यांची सोय. काका दुसऱ्याच आठवड्यात गेले. क्लीव्हलंड पुढे कामाला येईल, असा त्यांचा हिशोब होता.

पुढच्या वर्षी त्यांनी धडा घेतला. 23 सप्टेंबर 2018, अनंत चतुर्दशी, योगानं रविवार. मिनेसोटा वायकिंग्ज घरी, समोर बफेलो बिल्स. बफेलो म्हणजे पहिल्या सामन्यात बाल्टिमोरकडून 47-3 असा मार खाल्लेला संघ, आणि सुकाणू जॉश ॲलन नावाच्या नवख्या पोराकडे. मिनेसोटाला सट्टेबाजांनी सोळा-सतरा गुणांनी पुढे धरलं होतं. काकांनी छातीवर दगड ठेवून मिनेसोटा खर्च केली. तो त्यांनी कापलेला पहिला धड आंबा.

आमच्या मराठी मंडळाची विसर्जनाची मिरवणूक दुपारी होती. काका पुढे झांजा वाजवत होते, मुठीत फोन. ढोलाचा ठेका धरला न धरला तोच 10-0. पहिल्या सत्राच्या शेवटी 17-0, आणि 17 बफेलोचे. काकांच्या झांजा अर्ध्या मात्रेनं मागे पडायला लागल्या. मध्यंतराला 27-0. पथकाच्या ताशेवाल्यानं डोळ्यांनी विचारलं, काय झालं? काकांनी झांजा काकूंच्या हातात दिल्या आणि एका मोटारीच्या बॉनेटला टेकून उभे राहिले. पडद्यावर तो नवखा जॉश ॲलन मिनेसोटाच्या धिप्पाड अँथनी बारला उडी मारून ओलांडत होता. शेवट 27-6. देशभरातले पूल त्या दुपारी धुऊन निघाले. आमच्यातलेही बरेच गेले, पण सगळ्यांसमोर गेले ते काकाच. त्या दिवशी ‘पुढच्या वर्षी लवकर या’ हे नक्की कोणाला उद्देशून होतं, ह्याबद्दल मंडळात आजही दोन मतं आहेत.

काका बाद झाले की उदास होतील असं कोणाला वाटेल. उलट तेव्हा ते खुलतात. जिवंत असताना आपली निवड कोणाला सांगायची नाही म्हणून दबून असलेलं सगळं ज्ञान आता मोकळं सुटतं. कोणाच्या घरी बारसं असो की सत्यनारायण, उरलेल्यांतला एखादा काकांच्या तावडीत सापडलेला दिसतो, आणि काका पेपर नॅपकिनवर सामने लिहून दाखवत असतात. त्यांचा सल्ला बहुतेक वेळा चांगला असतो, हे कबूल करायला हवं. दुसऱ्याचे संघ खर्च करताना त्यांचा हात जराही आखडत नाही. “उडव रे बाल्टिमोर, ठेवून काय पूजा करायचीय?” हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. ह्याच्या जोडीला वहीत त्यांची स्वतःची निवड चालूच असते, हिशोबापुरती. वहीत काका कधी मरत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात बाद झालेला माणूस नाताळच्या पार्टीत सांगतो, “मी अजून आहे, बरं का. तो मिनेसोटाचा अपवाद सोडला तर.”

मिनेसोटाचा निष्कर्ष त्यांनी असा काढला, की धड संघ लवकर वापरला म्हणून हे झालं. राखण दुप्पट झाली. आणि गंमत अशी, की 2020 साली ती चक्क फळाला आली. करोनाचं वर्ष, काका घरातच, रविवारी पाहुणे नाहीत, बारशी नाहीत, वहीला वाहून घेतलेलं. डागी संघ एकामागून एक जिंकत गेले. पंधरावा आठवडा उजाडला तेव्हा तिघं उरले होते: काका, कमिशनर आणि पार्सिपनीचा एक मुलगा. बाकी दोघांची पेटी रिकामी होत आलेली. काकांकडे लॉस एंजेलिस रॅम्सही होते आणि बाल्टिमोर रेव्हन्सही. आयुष्यभर ज्या क्षणासाठी राखलं तो क्षण आला होता, आणि काकांना रात्रभर झोप नाही. कारण आता त्यातला एक खर्च करायचा होता.

रॅम्ससमोर जेट्स. आमच्याच न्यू जर्सीत, ईस्ट रदरफोर्डच्या मैदानावर खेळणारे जेट्स, त्या वर्षी 13 सामने खेळून 13 हरलेले. रॅम्स 17 गुणांनी पुढे धरलेले. बाल्टिमोरसमोर जॅक्सनव्हिल, तेही सोपंच, पण बाल्टिमोरला पुढच्या आठवड्यात घरी जायंट्स येणार होते. काकांनी बाल्टिमोर पुढच्या आठवड्यासाठी ठेवलं.

दुपारी एकच्या सामन्यात बाल्टिमोरनं जॅक्सनव्हिलला 40-14 असं लोळवलं. चारनंतर रॅम्सचा सामना सुरू झाला. रिकामं स्टेडियम, टाळ्यांची ध्वनिफीत, आणि तिसऱ्या सत्रात जेट्स 20, रॅम्स 3. काकू सांगतात, काका तेव्हा टीव्हीशी बोलणं सोडून देवघरापाशी जाऊन उभे राहिले, पण दिवा लावला नाही, नुसते उभे. रॅम्स सावरत सावरत 20पर्यंत आले. शेवटी फ्रँक गोअर नावाच्या 37 वर्षांच्या बुजुर्गानं, ज्या वयात ह्या खेळातले लोक टीव्हीवर समालोचन करतात त्या वयात, एक पास धरून घड्याळ संपवलं. 23-20. बाल्टिमोर काकांच्या पेटीत जसंच्या तसं.

संध्याकाळी काका बाहेर आले तर शेजारचा अमेरिकन गृहस्थ ड्राइव्हवेवर फावडं टेकून उभा. जन्मापासून जेट्सचा भक्त. 1969च्या जानेवारीतल्या एकुलत्या एक सुपर बोल विजयाच्या आठवणीवर तगलेला. आज संघ जिंकला, तर चेहरा सुतकी. काकांना कळेना. मग उलगडा झाला. सगळ्यात जास्त हरणाऱ्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, पहिली निवड मिळते आणि त्या वर्षी पहिल्या निवडीला ट्रेव्हर लॉरेन्स नावाचं रत्न होतं. तेरा आठवडे जेट्स शिस्तीनं हरत आले होते. ह्या एका विजयानं लॉरेन्स हातचा निसटत होता, जॅक्सनव्हिलच्या दिशेनं. साठीकडे झुकलेली दोन माणसं, एक सांगलीचा, एक सिकॉकसचा, जेट्स जिंकल्याचं दुःख करत त्या थंडीत अर्धा तास उभी होती. काकूंनी शेवटी दोघांना चहा नेऊन दिला.

2021च्या एप्रिलमध्ये जॅक्सनव्हिलनं लॉरेन्सला उचललं. काकांनी धोरण बदललं: आता राखायचं नाही, जो चांगला तो आधी. अर्थात हात एकदम कसा सुटणार? बफेलो तेवढं ठेवलं होतं. तोवर बफेलो म्हणजे जुना मारखाऊ संघ राहिला नव्हता, आणि मिनेसोटाला ओलांडून गेलेला तो पोरगा लीगमधल्या पहिल्या चार-पाचांत मोजला जात होता. “एकदा त्यानं बुडवलं,” काका म्हणाले, “आता तोच तारणार.” नवव्या आठवड्यात, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, बफेलोसमोर आलं जॅक्सनव्हिल. सात सामन्यांत एक विजय.

मंडळाचा फराळ होता. 7 नोव्हेंबर, दुपारची वेळ, टीव्ही आवाज बंद करून चालू. त्या सामन्यात कोणीच टचडाउन केला नाही. जॅक्सनव्हिल 9, बफेलो 6. पण स्कोअर हा त्यातला किरकोळ भाग. जॅक्सनव्हिलच्या बचावफळीतही एक जॉश ॲलन होता. त्या जॉश ॲलननं ह्या जॉश ॲलनला आडवा केला. त्या जॉश ॲलननं ह्या जॉश ॲलनचा पास मधल्यामध्ये पकडला. ह्या जॉश ॲलनच्या हातून चेंडू सुटला, तो त्या जॉश ॲलननं उचलला. खाली पट्टीवर सगळीकडे ॲलन, ॲलन, ॲलन. काका चकलीचा तुकडा तोंडापाशी धरून ते वाचत होते. प्रत्येक वेळी नाव दिसलं की चेहरा उजळायचा आणि मग कोणता ते कळलं की मावळायचा.

रात्री कमिशनरला ईमेल गेलं, विषयात ‘अपील’. मजकूर मला नंतर वाचायला मिळाला. “मी बफेलो निवडले ते केवळ जॉश ॲलन यांच्या भरवशावर. सामना जॉश ॲलन यांनी जिंकला, हे सर्व वृत्तसंस्था मान्य करतात. नियमावलीत कोणता जॉश ॲलन, याचा खुलासा नाही. सबब मला बाद धरण्यात येऊ नये.” खाली परिशिष्ट होतं: जेट्स जिंकले नसते तर लॉरेन्स जॅक्सनव्हिलला गेला नसता, म्हणजे 2020चा आणि 2021चा पराभव हा एकच पराभव असून तो दोनदा मोजला गेला आहे.

कमिशनरचं उत्तर तीन अक्षरांचं होतं. “काका, नो.”

अपील काकांनी मागे घेतलं नाही. 2024च्या उन्हाळ्यात जॅक्सनव्हिलच्या ॲलननं आईच्या घराण्याचं नाव जोडून जॉश हाइन्स-ॲलन असं नाव घेतलं आणि जर्सीवरही तेच लावलं. बातमी आली त्याच दुपारी काकांनी ती कमिशनरला पाठवली. “तीन वर्षांनी का होईना, घोटाळा होता हे मान्य झालं. आता त्या वीस डॉलरांचं बघ.”

तिनं अंगठ्याचं चित्र पाठवलं. काका त्याचा अर्थ ‘मंजूर’ असा लावतात.